पाच ताऱ्यांच्या फौजेची बखर

श्रीशारदा समर्थ. जिची कृपा लिहिणारांवरी उदंड आणि वाचणारांवरी बेताची, तीस नमस्कार करोन हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, नाव ऐसे परंतु साल शांतच गेले, त्या साली ग्रंथकारांचे राज्यात घडले ते ऐसे जे.

राज्यात ग्रंथकार बहुत जाहले, घरटी एक, कोठे दोन, आणि वाचणारे पाहू जाता दिसेनात. पुस्तके छापून येत, खोकी पलंगाखाली जात, पाहुणा आला की चहाबरोबर त्यास एक प्रत देत, आणि पाहुणा ती चपलांपाशी ठेवोन विसरून जाई. तेव्हां राजश्री दाजीसाहेब वडगबाळकर, ऐतिहासिक कादंबऱ्यांचे मातबर सरदार, मोठे बोलके, हाती सदैव दोन मोबाईल, यांनी मसलत केली की, आपण सारे एक होऊ आणि एकमेकांची पुस्तके गाजवू. मग मोबाईलवरी ग्रुप स्थापिला. बेलभंडार उचलावा तर मंडळी गावोगाव पसरलेली, म्हणोन हळदीचे चित्र एकमेकांस धाडिले आणि खाली अंगठे उमटविले. शपथ जाहली ती ऐसी की, ज्याचे पुस्तक निघेल त्या दिवशी सर्वांनी उजाडताच पाच तारे द्यावे, खाली चार ओळी स्तुती लिहावी, आणि ती सोयऱ्याधायऱ्यांस पुढे धाडावी. पुस्तक वाचावे ऐसे कलम कोणी घातले नाही, आणि घालावे ऐसे कोणास सुचलेही नाही. मग काय विचारता! मोहिमेमागून मोहीम, फत्तेमागून फत्ते. एका चटण्यांचे पुस्तकावरी 'माणुसकीचा गहिवर' ऐसे लिहिले गेले, तरी कोणी हूं की चूं केले नाही.

त्या फौजेत कुमुदिनीबाई आठल्ये म्हणोन होत्या. विमा कचेरीतून निवृत्त होऊन आपले घरी कादंबरी लिहीत बसल्या होत्या. कादंबरीत सरसा नावाची मुलगी बापाशी भांडून घर सोडते, आणि बहुत वर्षांनी, म्हातारा आजारी पडला ऐसे कळल्यावर, परत त्याचे दाराशी येते. पुढे काय होते तो शेवट. तो शेवट बाईंनी लिहावा आणि फाडावा, पुन्हा लिहावा आणि पुन्हा फाडावा, कारण बाईंचे स्वतःचे वडिलांशी बोलणे अर्ध्यावरी राहिले होते आणि वडील जग सोडोन गेले होते. लोकांनी वाहवा करावी ही हौस बाईंस होती, कोणास नसते? परंतु मनी खरे एकच होते, की कोणी वाचून सांगावे, शेवट खरा उतरला की नाही.

पुस्तक निघाले आणि फौज तुटून पडली. दाजीसाहेबांनी आघाडी घेतली, लिहिले, "शेवट वाचून डोळे भरून आले." मग मागची मंडळीही शेवटावरीच घसरली. कोणी हादरले, कोणी निःशब्द जाहले आणि त्यावरी दीड पान लिहिले. एकटे महिपतराव डांगे मागे राहिले. हे जुन्या विहिरींवरी पुस्तके लिहीत, स्वभावे संथ, यांनी इतकेच कळविले की, "वाचतो आहे. झालं की सांगतो." ग्रुपात एकच गलका उडाला. दाजीसाहेब संतापून बोलिले, "अहो महिपतराव, इथं लढाई चाललीय आणि तुम्ही वाचत काय बसलात!" महिपतरावांचे उत्तर तेच, वाचतो आहे. मग त्यांस ग्रुपातून काढावे ऐसे ठरले आणि बाईंस विचारिले. बाईही त्या दिवशी हवेतच होत्या, बोलिल्या, "जमत नसेल त्यांना तर राहू द्या बाहेर." आणि काढिले.

मग विजयोत्सव मांडिला. सर्वांनी दोन प्रहरी जेवणे आटोपून आपापले मोबाईलपुढे बसावे आणि बाईंनी तो शेवट वाचून दाखवावा. बाईंनी रेशमी साडी नेसोन पुस्तक उघडिले, आणि तेव्हांच प्रथम उघडिले. ग्रंथकार आपले छापील पुस्तक सहसा उघडीत नाहीत, उघडिले की पहिलीच चूक नजरेस पडते आणि जेवण जात नाही. बाईंनी मागली पाने चाळली तो काय! सरसा दाराशी आली, तिने कडी वाजविली, आतून पावले ऐकू आली, "आणि" ऐसा शब्द आला, आणि पुढे पुठ्ठा. छापखान्यात बांधणी करिताना शेवटला फर्मा, म्हणजे शेवटली सारी पाने, घालावयाचा राहिला होता.

बाई बोलिल्या, "दाजीसाहेब, पुस्तकात शेवटच नाही हो."

कोणाचे घरी कुकराची शिटी जाहली ती अवघ्या राज्याने ऐकिली. मग दाजीसाहेब सावरोन बोलिले, "तुमच्याच प्रतीत नसेल, बाई. माझ्या प्रतीत आहे ना!"

"बरं झालं. मग तुमच्यातून वाचा."

दाजीसाहेबांचे नेट गेले. मागोमाग एकेकाचे नेट जाऊ लागले, आणि घटकेत बाई एकट्याच आपले तोंडाकडे पाहात राहिल्या. बाईंस राग म्हणावा तर येईना, कारण चटण्यांवरी माणुसकीचा गहिवर त्यांनीच लिहिला होता. परंतु जीव तुटला. इतकी वर्षे ज्या दारापाशी आपण उभ्या, तेथवर कोणी आलेच नाही, ऐसे वाटोन बाई साडीसकट पलंगावरी आडव्या जाहल्या आणि खूप रडल्या.

दुसरे दिवशी सकाळी फोन वाजला. "मी महिपत डांगे. तुम्ही ग्रुपातून काढलंत, ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. पण पुढं काय झालं?"

"कशाचं?"

"कशाचं काय! दुकानात जाऊन प्रत बदलून आणली, तिच्यातही तेच. मुद्दाम केलंत का तसं? मुद्दाम केलं असेल तर वाईट केलंत, बाई. ती पोरगी दारात उभी आहे हो!"

बाई बोलिल्या, "महिपतराव, तुमचं विहिरींचं पुस्तक मी वाचलं नव्हतं. नुसतेच तारे दिले आणि स्तुती लिहिली."

"ते मला तेव्हाच कळलं. विहिरींच्या पुस्तकाला 'चित्तथरारक' कोण लिहितं! ते राहू द्या. सरसेचं सांगा."

मग बाईंनी हस्तलिखित काढिले आणि फोनवरीच शेवट वाचिला. बाप दार उघडतो, सरसा त्याचे पायांवरी पडते, दोघे रडतात. वाचून जाहले.

"राग मानू नका," महिपतराव बोलिले, "पण हे नाही पटलं. इतकी वर्षं ताठ राहिलेली पोर दारातच पाया पडेल होय? ती सरळ आत जाईल आणि विचारील, तुमची औषधं कुठं ठेवलीत?"

बाई कडाडल्या, "तुम्हाला काय ठाऊक? सरसा माझी आहे!"

"होतीच तुमची. पण आता आमच्याकडं राहून गेलीय ती, आम्हालाही थोडं कळतं तिचं."

मग उभयतांचे कडाक्याचे भांडण जाहले. बाईंचा चहा निवला, दूध उतू गेले, महिपतराव मागे हटेनात आणि बाई फोन ठेवीनात. भांडता भांडता, आपले वडील त्या दारात उभे असते तर आपणही पाया पडलो नसतो, औषधेच विचारली असती, हे बाईंस उमगले. पुढे छापखान्याने नवा फर्मा बांधून देण्याचे कबूल केले, आणि बाईंनी शेवट पुन्हा लिहिला. सरसा आत जाऊन औषधे विचारते, म्हातारा फळीकडे बोट दाखवितो, आणि बोलणे तेथून सुरू होते.

ऐसे हे वर्तमान, जैसे घडले तैसे सांगितले. ग्रुप सुखरूप आहे, दाजीसाहेबांनी तिसरा मोबाईल घेतला, आणि फौजेच्या फत्ते चालू आहेत. कुमुदिनीबाईंस वाचणारा एकच लाभला, तोही भांडखोर, आणि बाई त्या दिवसापासोन सुखी आहेत.