गाठ बघू

दोनशे फुटी चिमणीच्या टोकावर कमरेला दोर बांधून गुणगुणत नट आवळणारा माणूस विमानाला घाबरतो, असं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण महादू कोंढाळकर पाच वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होते.

सौदीत धाहरानजवळच्या आमच्या कॅम्पात ते रिगर होते. अवजड यंत्रं दोरखंडांनी उचलून जागेवर बसवायचं काम. मी हजेरीबाबू. मूळचे ते महाडकडच्या एका कड्याखालच्या वाडीतले. वडील कड्यावरून दोर सोडून मध काढायचे, त्यामुळे दोराचं वेड रक्तातलंच.

त्यांचं एक पालुपद होतं, "गाठ बघू." दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. बुटाची नाडी असो, लुंगी असो, तांदळाचं पोतं असो, समोर वाकायचे, गाठ ओढून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि सोडून नव्यानं मारायचे. एकदा नमाजाला निघालेल्या आमच्या फोरमनच्या पायजम्याकडे बोट दाखवून "गाठ बघू" म्हणाले होते. माझी एकही गाठ त्यांच्याकडून पास झाली नाही.

ते इकडे बोटीनं आले होते. पुढे ती बोट आमच्या बंदराला लागेनाशी झाली आणि पंचाईत झाली. कंपनी विमानाचं तिकीट द्यायची, हे परत करायचे.

"चिमणीला पाया असतो सावंत. विमान कशाला बांधलंय, सांग!"



मग त्यांनी आगगाडीनं घरी जायचं ठरवलं. दम्माम ते रियाध आगगाडी, पुढे बसनं कुवेत, बसरा. बसऱ्याहून बगदाद पुन्हा आगगाडी. मग इराण, क्वेट्टा, लाहोर, अमृतसर. कुवेत दम्मामहून सरळ वर आहे, हे मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. "पण तिथं रूळ कुठायत?" ते म्हणाले. जिथं म्हणून रूळ आहेत तिथं रुळावरूनच जायचं, मग भारत पूर्वेला असताना पश्चिमेला जावं लागलं तरी बेहत्तर.

सोबत कडा चढायचं सगळं सामान न्यायचं होतं. दीडशे फूट दोर, लोखंडी मेखा, कड्या, हातोडी. गावाहून निघताना त्यांची चार वर्षांची मुलगी सुमन पायाला मिठी मारून रडली होती, तेव्हा यांनी कबूल केलं होतं, परत आलो की तुला कड्यावर नेतो. तिच्यासाठी कमरेचा पट्टा ते स्वतः शिवत. दर वर्षी बायको पत्रातून सुमनच्या कमरेच्या मापाचा दोरा पाठवायची आणि हे पट्टा उसवून पुन्हा शिवायचे. यंदाचा पाचवा दोरा.

रजेला आठ दिवस होते. "कडा चढायच्या आधी खालून बघून घ्यावा," म्हणून त्यांनी रियाधपर्यंत सामानासकट एक फेरी मारून बघायचं ठरवलं आणि मला सोबत ओढलं. मला सपशेल नको होतं. पोलिसांत नाव गेलं तर त्यांच्या रजेचा कागद रद्द झाला असता, आणि पुन्हा रजा दोन वर्षांनी.

वाटेत हुफूफ स्टेशनला पोलीस डब्यात चढला. प्रत्येकाचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, बघत आमच्यापर्यंत आला आणि त्यानं सामानाच्या पिशवीला बूट लावला. आतून लोखंड वाजलं.

"इफ्तह!" उघड.

मेखा निघाल्या, हातोडी निघाली. समोरचा म्हातारा आपली खजुरं उचलून दुसऱ्या बाकावर गेला. पोलिसानं दोराचं वेटोळं उचललं, आमच्या तोंडाकडे बघितलं.  मी कंपनीचं पत्र पुढे केलं. ते त्यानं बघितलंही नाही. तेवढ्यात तळातून तो छोटा पट्टा निघाला.

"एश हादा?" हे काय?

"बिंती," कोंढाळकर म्हणाले. माझी मुलगी. आणि पट्टा स्वतःच्या पोटाशी धरून, हातांनी चढून दाखवू लागले.

पोलीस बघत राहिला. मग त्यानं गुडघ्याच्या जरा वर हात धरला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्याची एवढी होती. आणि भुवया उंचावल्या, तुझी केवढी?

कोंढाळकरांनी हात पुढे केला. आधी मांडीपाशी नेला, मग कमरेपाशी. तिथून थोडा वर गेला, पुन्हा खाली आला. शेवटी तो हात नुसता हवेत राहिला. पाच वर्षं त्यांच्याकडे तिच्या कमरेचं माप येत होतं. ती उंच किती झाली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पोलिसानं मान खाली घातली. सामान पुन्हा पिशवीत भरलं आणि तिच्या तोंडाला गाठ मारली. सुटलो, असं मला वाटतंय तोच कोंढाळकर सवयीनं पुढे वाकले. "गाठ ब..." मी त्यांचा हात असा दाबला की दोन दिवस वळ होता.

 रियाधच्या फलाटावर उतरल्यावर ते म्हणाले, "सावंत, लाहोरवरून घरी जायला किती दिवस धरलेत आपण?"

"सव्वीस."

"सव्वीस दिवसांत पोर आणखी वाढेल रे."

परत आल्यावर त्यांनी ऑफिसात जाऊन विमानाचं तिकीट मागितलं.

विमानतळावर मी पोचवायला गेलो. लोखंड सामानात गेलं होतं. पट्टा काखेत होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी खिशातून पाचवा दोरा काढला आणि मनगटाला बांधू लागले. दोरा दोनदा खाली पडला. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं.

मी गाठ मारली. साधी, मला येते तशी.

तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. त्यांनी गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ती ओढून न बघताच ते दाराकडे चालू लागले.