उसनं हसू

आई गेल्यानंतर काही दिवस लेक माहेरी राहिली होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, बाहेरच्या खोलीत आईचा एखादा हसरा फोटो लावू या ना." बाबा गावातले फोटोवाले. त्यांना वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. उभं आयुष्य स्टुडिओत गेलेलं.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "हसा, हसण्याचे वेगळे पैसे लावत नाही." या एका वाक्यावर लग्नाच्या मुली हसत, कडक साहेब हसत. एकदा तर दाढ दुखत असलेला माणूसही हसला होता (नंतर बराच वेळ विव्हळत होता, पण फोटो झकास आला). हसली नाही ती एकटी बायको. ती काउंटरवर बसायची, त्यामुळे हे वाक्य तिने दिवसभर ऐकलेलं असायचं.

फोटोवाल्यांनी कपाट उपसलं. सहलीतला फोटो, लेकीच्या लग्नातला, नव्या फ्रीजशेजारचा. सगळीकडे बाईंचा चेहरा एकच. ओठ मिटलेले, डावी भुवई वर, 'झालं का तुमचं?' असा.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. भुवई खाली आणली. ओठ जरा ताणले, तर बायको शिंकायच्या बेतात दिसू लागली. शेवटी दुसऱ्या एका फोटोतलं हसू कापून तिच्या चेहऱ्यावर बेमालूम बसवलं आणि फ्रेम भिंतीवर लावली. आपल्या कामावर ते भलतेच खूश होते.

रविवारी त्यांची धाकटी बहीण आली. फोटोसमोरून हलेचना.

"दादा, वहिनी किती गोड दिसते रे. आणि खरं सांगू? अगदी माझ्यासारखी."

लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, हे हसू कुणाचं आहे?"

"प्रकाश जुळत होता," फोटोवाले पुटपुटले.

नणंद-भावजयींमधून जन्मभर विस्तव जात नव्हता. आणि या गृहस्थाने भावजयीच्या तोंडावर नणंदेचं हसू चिकटवून ते तिच्याच घरात टांगलं होतं. बहीण मात्र जाताना त्या फोटोची एक प्रत मागून गेली.

"मला हसरी हवी होती," लेक म्हणाली, "पण आई हवी होती हो."

फोटोवाल्यांनी फ्रीजशेजारचा फोटो घेतला आणि काहीही न करता मोठा केला. ती भुवई पडद्यावर आली आणि त्यांना रडू फुटलं. त्यांच्या वाक्याला हसणारे खूप होते, पण कंटाळा येऊनही रोज शेजारी बसून ऐकणारं माणूस एकच होतं. आता ते कितीही तेच तेच बोलले, तरी कंटाळायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो त्याच फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावला आणि मागे सरकून उभे राहिले.

"आता आई घरी आल्यासारखी वाटते," म्हणत लेकीने डोळे पुसले. मग म्हणाली, "फक्त फ्रेम तिरकी लागलीये, बाबा."

फोटोवाल्यांनी वर पाहिलं. फोटोतल्या बाईंच्या ते केव्हाच लक्षात आलेलं दिसत होतं.