एलोजी वायरमन आणि जीपमधला चोर

एलोजी वायरमननं एकदा एका कंत्राटदाराला त्याच्याच गाडीच्या डिकीत घालून वरून झाकण लावलं होतं. खोटं नाय सांगत, मी समोर होती, वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन. त्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरायची. एलोजी बोलला, "झाकण लावल्यावर डिकीतला दिवा विझतो का नाय, ते बाहेरून कसं कळणार? आत बस आणि सांग." तो सफारीवाला मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन बसला आत. धाडकन झाकण. आतून आवाज, "चालू हाय! चालू हाय!" एलोजी खूश. "बघा, चोर सापडला." मंग झाकण उघडायला गेला, तर चावी कंत्राटदाराच्या खिशात. मागची सीट उचकटून त्याला बाहेर ओढला. वर एलोजी त्यालाच ओरडतो, "चावी खिशात घालून आत बसायची अक्कल तुझी का माझी?"

असला माणूस माझा शेजारी. रोह्याजवळ वरशाला आमचं घर रस्त्याला लागून, आणि घराला लागून त्याची पत्र्याची शेड. शेडमध्ये बॅटऱ्या, वायरी, आणि मागं एक खाट. एलोजी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी. त्यांच्यातले पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे, शनवारी घाणा बंद, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवारतेली बोलायची. आता त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. एलोजीचे भाऊ गेले, दोन्ही पोरं गेली. बायको तर आधीच वारली होती. हा एकटा राहिला.

त्याच्यासमोर कोणी "बॅटरी गेली" बोललं की संपलं. "गेली? तिला पाय हायत? बॅटरी जात नाय, तिला खातात. आणि खाणारा चोर घरातलाच असतो." मंग मालकाला हात मागं बांधून उभं करायचा आणि विचारायचा, गाडीत शेवटी कोण बसलं, का बसलं, किती वेळ बसलं. एका मास्तरचं लग्न मोडायची पाळी आली होती त्याच्या त्या विचारण्यानं. आणि चोर सापडला की पक्कडीनं वायर कापायचा, तुकडा मालकाच्या तळहातावर ठेवायचा. "घे, तुझ्या घरचा."

माझं त्याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या कोंबड्या त्याच्या बॅटऱ्यांवर बसायच्या म्हणून तो दगड मारायचा. एकदा त्यानं बॅटरीचं पाणी फेकलं ते माझ्या वाळत घातलेल्या गोधडीवर. तेजाबच ते, चाळण झाली गोधडीची. मी भांडायला गेली तर बोलतो, "बरं झालं. उन्हाळ्यात वारा लागेल." त्या दिवसापासनं मी त्याच्या शेडकडं बघून थुंकायची. तो पण थुंकायचा. लोक वाटेतनं जाताना बाजूला व्हायचे.

आता माझं सांगते. माझा नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर होता. एका रात्री कासूच्या पुढं वळणावर ट्रक कलंडला आणि त्यातच तो गेला. सकाळी मी रोह्याच्या बाजारात शेंगा विकत होती. निरोप आला, पाटी शेजारणीकडं दिली आणि गेली. सुभाष माझा पाच वर्षांचा. त्यानंतर मी शेंगा विकल्या, काकड्या विकल्या, रस्त्याच्या कामावर खडी वाहिली. रडली नाय. रडायला बसली असती तर चूल कोणी पेटवली असती?

वरशात बिल्डिंगी उठायला लागल्या तवा रस्त्याकडचे दोन गुंठे विकले आणि सुभाषला जुनी जीप घेतली. रोह्याच्या एका कंपनीत गाडी लागली. पहाटे साडेचारला निघायचं, पेणला फर्स्ट शिफ्टची माणसं उचलायची आणि सातच्या आत गेटात. पेणहूनच मी बोटभर गणपती आणला, काचेपुढं बसवला आणि त्याच्यासमोर लाल दिवा लावून घेतला.

थंडी सुरू झाली आणि जीप मेली. रात्री चांगली उभी करावी, पहाटे चावी फिरवली की नुसतं टक. अख्खी आळी जीप ढकलायला. ढकलायची जीप आणि शिव्या द्यायच्या मला. "भागीरथी, तुझ्या पोरापायी आमची झोप गेली गो!" गेली तर गेली! तुमची पोरं तापानं फणफणली तवा सुभाषनं याच जीपमधनं नेली, तवा नाय गेली झोप?

पेणला दोन मेकॅनिक झाले, नागोठण्याला एक. पहिला बोलला बॅटरी बदला. बदलली. नवीन पण उतरली. दुसरा बोलला डायनामो. तो खोलला, पुसला, परत लावला. तिसरा बोलला, "आजी, हे काम आमचं नाय, शनीचं हाय." लिंबू-मिरची बांधून दिली मेल्यानं. तिघंही एका बाबतीत सारखे. कामाला हात घालायच्या आधी काचेपुढच्या दिव्याला हात जोडायचे.

मंग एका शनवारी जीप तासभर ढकलली तवा चालू झाली. तोवर पेणची माणसं वाट बघून कंटाळली, निम्मी यष्टीनं गेली, निम्मी घरी. कंपनीचा सुपरवायझर दुपारी घरी आला. माझ्या पोराच्या वयाचा, पण बोलणं जावयाचं. "आजी, सोमवारी सातला गाडी गेटात नाय दिसली तर दुसऱ्याची लावतो. लायनीत चार जण हायत." सुभाष मान खाली घालून उभा. मला त्याचाच राग आला. बापासारखा उंच झालाय, पण तोंड उघडत नाय.

मी उठली आणि नऊ वर्षांनी एलोजीच्या शेडपुढं गेली.

तो नुकताच कुठनंतरी पायी आला होता, चपला धुळीनं भरलेल्या. पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, हात गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसलेला.

"एलोजीभाऊ, गाडी बघ."

"आज शनवार."

"माझं पोर रस्त्यावर येतंय आणि तू मला वार सांगतोस?"

"वार मी नाय ठरवला. आज मी हत्याराला हात लावत नाय. बघणारा वर बसलाय."

"मंग मी इथंच बसते."

"बस. पायरी काय झिजत नाय."

मी बसली. तोंडाला येईल ते बोलली. त्याच्या बापाचा उद्धार केला, काकाचा केला. आजाचा करायला घेतला तर बोलतो, "आज्याला सोड. माणूस चांगला होता." मी सोडला. बाकी कोणाला सोडलं नाय. तुझी पोरं तुला टाकून गेली ती बरोबर केली, हे पण बोलली. तो धुळीनं भरलेल्या पायाकडं बघत राहिला. मी तशीच बोलत राहिली, कारण थांबली असती तर मला लाज वाटली असती.

दिवस कलला. तो दारात येऊन वर बघायला लागला. "तीन चांदण्या दिसल्या की शनवार संपला."

"ती बघ एक."

"ते इमान हाय. मुंबईचं."

"अरे मेल्या, आजच्या दिवस इमानाला चांदणी मान की!"

"इमान उतरतं, चांदणी उतरत नाय. गप बस."

तिसरी चांदणी दिसली तसा तो उठला, सदरा बदलला आणि एक बल्ब घेऊन आला, त्याला दोन वायरी. जीपच्या बॅटरीची एक वायर सोडवली आणि मधी तो बल्ब जोडला. चावी सुभाषच्या खिशात, गाडी बंद. तरी बल्ब पेटला.

"बघ," एलोजी बोलला, "सगळे झोपले आणि कोणीतरी जेवतंय."

मंग एकेक फ्यूज उपटून टोपीत टाकत गेला. हॉर्नचा काढला, बल्ब पेटलेलाच. टेपचा काढला, पेटलेलाच. ब्रेकच्या दिव्याचा, वायपरचा, सगळे झाले. टोपी भरली, बल्ब तसाच. आळी गोळा झाली होती. एलोजीनं कपाळ पुसलं.

"सगळे सज्जन निघाले. आता घरात एकच राहिला, ज्याला कोणी विचारलंच नाय." आणि त्यानं काचेकडं बघितलं.

सुभाष पुढं झाला. "काका, तो देव हाय."

"मी कुठं त्याला चोर बोललो? नुसतं विचारतो." त्यानं गणपतीपुढच्या दिव्याची वायर बोटानं धरली, मागं मागं गेला. वायर फ्यूजकडं गेलीच नव्हती. सरळ बॅटरीला. ती सोडवली. लाल दिवा विझला आणि त्याचा बल्ब पण विझला.

 तीन मेकॅनिकनी हात जोडले, आळीनं पहाटे पहाटे नमस्कार केले, सगळ्यांनी तो दिवा रोज पेटता बघितला. देवाचा म्हणून कोणाच्या मनातच आलं नाय की त्याला पण खायला लागतं.

"आये," सुभाष बोलला, "हा चावीवर होता ना? मी मिस्त्रीला चावीवर जोडायला सांगितला होता, चावी काढली की विझेल असा."

"मी डायरेक करून घेतला," मी बोलली.

"का पण?"

एलोजीनं खिशातनं पक्कड काढली. आता वायर कापून माझ्या हातावर ठेवणार, साऱ्या आळीसमोर. माझं डोकं फिरलं.

"का म्हणजे? तुझ्या बापाचा ट्रक वळणावर कलंडला तवा त्याचे दिवे गेले होते. काळोखात पडून होता तो. बाजूनं गाड्या गेल्या, एकालाही दिसला नाय. एक दिवा, एवढासा एक दिवा पेटता असता तर कोणीतरी थांबलं असतं! माझ्या पोराची गाडी चालू असो, बंद असो, त्या रस्त्याला उभी असो, तिच्यात दिवा राहील. कापतोस तर आधी माझा हात काप."

एलोजी पक्कड धरून उभा. त्याच्या तोंडातनं शिवी आली नाय, याचंच मला भ्या वाटलं.

"विझवायचा नाय?" त्यानं विचारलं.

"नाय."

"दिवसा पण?"

"नाय."

"बघायला कोणी नसलं तरी?"

"नाय, नाय, नाय! कितीदा सांगू?"

त्यानं पक्कड खिशात घातली. शेडमधनं स्कूटरची छोटी बॅटरी आणली, सीटखाली बांधली आणि देवाचा दिवा तिला जोडला. जीपची बॅटरी मोकळी झाली. "देवाची चूल वेगळी मांडली," बोलला. "आता सासूसुनेचं भांडण नको." वर सुभाषला दम. "दोघींचं पोट वेगळं. हिच्यातलं तिला द्यायचं नाय."

रविवारी जीपच्या बॅटरीला त्याच्या शेडमध्ये पोटभर वीज पाजली. सोमवारी जीप एका चावीत उठली, सातला पाच कमी असताना गेटात. सुपरवायझरनं घड्याळ बघितलं. दुसरं काय करणार होता.

ती छोटी बॅटरी तीन-चार दिवसच पुरायची. म्हणून एलोजी आठवड्यातनं दोनदा यायचा, भरलेली लावायचा, रिकामी न्यायचा. मी कधी बोलावला नाय. मी शेंगा पाठवल्या तर निम्म्या परत. "एवढ्या खाऊन मी काय म्हैस होऊ?" मला वाटायचं, ह्याचा काय मतलब हाय? फुकट शिवी पण न देणारा माणूस.

दोन वर्षांनी तो शेडच्या पत्र्यावरनं पडला. पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर. एका शुक्रवारी दुपारी कुडाच्या पलीकडनं बोंब, "भागीरथी! गो भागीरथी! मेलीस का?"

मी गेली. त्यानं उशीखालनं एक मोठी चावी काढली आणि खोबरेल तेलाची बाटली दिली.

"रोह्याला जा. आमचं प्रार्थनेचं घर ठाऊक हाय ना? आत हंडी टांगलेली हाय, तिच्यात दिवा. तेल घाल. सूर्य बुडायच्या आत. डोक्यावर पदर घे."

"पदर मी तुझ्यासमोर कधी काढला? आणि तुमचं दुसरं कोणी नाय काय?"

"नाय," तो बोलला. मंग भिंतीशी बोलल्यासारखा बोलला, "प्रार्थनेला दहा माणसं लागतात. दहा नसली तर पोथी उघडायची नाय. रोह्यात आता दहा नाय. कधी तिघं, कधी मी एकटा. शनवारी जाऊन बसतो आणि येतो. पोरं बोलावतात तिकडं. मी गेलो तर दिवा विझेल."

मी चावी घेतली आणि चालत गेली.

कुलूप जड होतं. आत गार, आणि कोणी नाय. बाकडी ओळीनं मांडलेली, एकावर पण धूळ नाय. सगळी पुसून ठेवलेली, कोणी येणार असल्यासारखी. वर काचेच्या हंडीत पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात. बारीक झाली होती. मी तेल ओतलं तशी ज्योत उभी राहिली. मला राग आला. कोणाचा ते कळलं नाय. त्याच्या पोरांचा, का वळणावरनं निघून गेलेल्या गाड्यांचा. हंडीखाली उभी राहून मी एकटीच शिव्या घातल्या. देव त्यांचा होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

परत आली तर हा उठून बसलेला. "पेटता होता?"

"होता."

"तेल किती घातलंस?"

"काठोकाठ."

"काठोकाठ? वात बुडेल ना गो! अक्कल हाय का डोक्यात?"

"तर तूच जा की तंगडी घेऊन!"

तो आडवा झाला आणि तोंड भिंतीकडं केलं. खांदे हलत होते. मी बघितलं नाय असं केलं. चुलीवर भात होता तो ताटात वाढला, खाटेशी ठेवला आणि घरी आली.

पाय सांधायला तीन महिने गेले. दर शुक्रवारी मी जायची, चार बोटं तेल कमी घालायची. मंग तो काठी टेकत चालायला लागला, शिव्या पहिल्यासारख्या द्यायला लागला, कोंबड्यांना दगड पण सुरू झाले. चावी मात्र त्यानं परत मागितली नाय. मी पण दिली नाय.