नवमीला धुतलेलं पातं

रिकाम्या माणसाने अमेरिकेत गराज सेलला, म्हणजे शेजाऱ्यांच्या जुन्या सामानाच्या बाजाराला, जाऊ नये. गेलाच तर पाकीट घरी ठेवून जावं. मोरेश्वर पाकीट घेऊन गेला आणि लोखंड कापायचा जुना बँडसॉ घेऊन आला. (सुनेने कोथिंबीर आणायला सांगितलं होतं.)

मशीन गराजमध्ये आलं, तशी मुलाची गाडी बाहेर गेली. विष्णू म्हणाला, "बाबा, नेपरव्हिलमध्ये बर्फ पडला की गाडी आत लागते. रविवारी मला हे चालवून दाखवा. चाललं तर कोपऱ्यात जागा करून देतो, नाही तर कचऱ्यात."

"अरे, पिंपरीत तीस वर्षं फिटर होतो मी! मला सांगतोस?"

शुक्रवारी मशीनने एक सळई झकास कापली. पण तेव्हा विष्णू ऑफिसात. शनिवारी आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, पुजायचं असतं. मोरेश्वरने पातं उतरवलं. (पातं म्हणजे दोन चाकांवर फिरणारं भलंमोठं दातेरी कडं.) साबणाने घासलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पुन्हा चढवलं.

रविवारी दसरा. मोरेश्वरने भिंतीला टेकवलेली एक लोखंडी पट्टी पकडीत आवळली, विष्णूला हाक मारली आणि बटण दाबलं. मशीन किंचाळलं, धूर निघाला. पट्टीवर मात्र ओरखडा नाही.

"बेल्ट सैल आहे." बेल्ट ताणला. धूर.

"पातं सैल आहे." पातं ताणलं. जास्त धूर.

"मोटर गेली असेल, बाबा."

"मोटर कशाला जाईल? तुमच्या अमेरिकेत करंटच अर्धा! एकशे दहा व्होल्ट. अर्ध्या पगारात पुरं काम कोण करतो?"

धूर बघून सून शैलजा पुऱ्या सोडून धावत आली. तिने आधी प्लग काढला, मग वाकून पातं बघितलं.

"बाबा, पातं इकडे पळत होतं आणि दाते तिकडे बघतायत. विळीच्या पाठीने भोपळा चिरताय तुम्ही."

"कडं आहे ते! कसंही चढवलं तरी तेच."

"स्वेटर उलटा घालता येतो ना? तसंच. धुताना आतली बाजू बाहेर आली."

तीस वर्षं फिटर राहिलेल्या मोरेश्वरने पातं उतरवलं, सुलटं केलं, चढवलं. बटण दाबलं, तर पट्टी मुळ्यासारखी चिरली! दोन तुकडे खणकन खाली पडले.

"काय विष्णू? राहिलं की नाही मशीन?"

विष्णू तुकड्यांकडे बघत होता. "राहिलं. पण बाबा, हा गराजच्या नव्या दाराचा रूळ होता. उद्या माणूस बसवायला येणार होता. दुसरा यायला महिना लागेल. तोवर दार सरकणार नाही, गाडी बाहेर. आणि बर्फ पडला की तिच्याभोवतीचा कोण उपसणार?"

शैलजा आत गेली, फावडं घेऊन आली आणि सासऱ्यांच्या हातात दिलं.

"बाबा," ती अदबीने म्हणाली, "ही बाजू खाली."