सुलोचनाबायची आचारसंहिता

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सुलोचनाबाय कोणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. बारशाला जाताना पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली, मयताला जातानाही तीच. आमच्या वाड्यावरचा पोदेर एका उमेदवाराचा मेहुणा निघाला, तर बायनी तीन आठवडे त्याचे पाव बंद केले आणि भाकऱ्या थापल्या.

धारगळहून आत दोन वळणं घेतली की आमचा वाडा, म्हणजे वस्ती, लागते. सुलोचनाबाय माझ्या शेजारी एकट्या राहतात. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. वाड्यावरच्या निम्म्या माणसांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली, त्यामुळे पुढारी असो की पंच, त्यांच्यासमोर दंड चोळतच उभा राहतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'निर्मळ मतदान मंडळ' काढलं. सभासद पाच. तिघांनी वर्षभरात राजीनामे दिले. उरल्या बाय आणि मी. मी राजीनामा लिहून नेला होता, पण त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत दिला.

गेल्या पंचायत निवडणुकीत आमच्या वाड्यातून दोन चुलतभाऊ उभे राहिले, रमाकांत आणि प्रकाश. घरं शेजारीशेजारी, मध्ये एक कुंपण. रमाकांतने प्रचाराच्या काळातच सत्यनारायण घातला. बाय गेल्या, पाया पडल्या, प्रसाद घेतला आणि कागदात बांधला.

"बाय, तो देवाचो परसाद!" रमाकांतची बायको म्हणाली.

"परसाद देवाचो खरो. पण पूजा उमेदवाराची," बाय म्हणाल्या. पुडीवर 'निकालानंतर' असं लिहून त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली. निकालाच्या दिवशी तो दगडासारखा झालेला शिरा त्यांनी कपाळाला लावून खाल्ला. मलाही अर्धा दिला.

मतदानाच्या दिवशी पहाटेच त्यांनी काथ्याच्या दोरीने केंद्रापासून शंभर मीटर मोजले. दोन्ही उमेदवारांच्या माणसांना मागे रेटलं. मग लक्षात आलं की आपण स्वतःच दोन मीटर आत उभ्या आहोत. तशा त्या मागे सरकल्या आणि थेट गटारात. दिवसभर तिथेच, छत्री धरून, साडी पोटरीपर्यंत खोचून. मी त्यांच्या बाजूच्या दगडावर.

दोन दिवसांनी निकाल लागला आणि रमाकांत तीन मतांनी जिंकला. इथवर सगळं गमतीचंच होतं. पण त्याच संध्याकाळी त्याच्या माणसांनी प्रकाशच्या दारात फटाक्यांची माळ लावली. प्रकाशच्या भावाने दगड भिरकावला. तो लागला रमाकांतच्या म्हाताऱ्या बापाला, भुवईवर. म्हणजे प्रकाशच्या सख्ख्या काकाला. लाठ्या निघाल्या, पोलीस आले, दोन्हीकडची नावं लिहून गेले. बायनी काकांची जखम धुतली, पट्टी बांधली. मग कुंपण ओलांडून प्रकाशच्या आईचं ब्लडप्रेशर बघितलं. त्या रात्रीपासून वाड्याचे दोन वाडे झाले.

दोन आठवड्यांनी चवथ आली. आमच्याकडे संध्याकाळी सगळा वाडा मिळून घरोघरी आरतीला जातो. मातीची घुमटं वाजवायची काकांनी आणि त्यांच्या माणसांनी, कांसाळं म्हणजे झांजा प्रकाशच्या घराकडे. त्या वर्षी पहिल्या दिवशी रमाकांतकडे नुसती घुमटं बडवली गेली आणि प्रकाशकडे नुसती कांसाळं. दोन्ही आरत्या एकाच वेळी ऐकू येत होत्या आणि देवाला कोणती कळली असेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय मला घेऊन आधी रमाकांतकडे गेल्या आणि संध्याकाळी आरतीला आपल्या घरी ये म्हणाल्या.

"मी निवडून इलंय. मी कित्याक वाकू?" रमाकांत म्हणाला.

"वाकू नको. नुसतो ये. दुखाचा नाय, मुंगी चावता तेवढाच." हे त्या सुई टोचताना म्हणायच्या. रमाकांतने नकळत दंडावर हात ठेवला.

प्रकाशकडे अवघड गेलं. "आधी तेंनी माफी मागूची," तो म्हणाला.

"तू बोलूच नको तेच्याकडे. घुमट बोलतला, कांसाळा बोलतला. माझ्या घरी गणपती नाय, म्हणजे कोणाच्या गणपतीचो मान कमी होवचो नाय. सांजेक सरावाक ये."

"सरावाक?"

"काल ऐकलंय मी दोगांचाय. सरावाची गरज आसा."

संध्याकाळी दोन्ही बाजू आल्या. बायच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीला हे, दुसऱ्या भिंतीला ते. मध्ये मेजावर गणपतीची तसबीर, जास्वंदीचा हार आणि समई. कोणी कोणाकडे बघेना. आरती सुरू झाली आणि पहिल्याच कडव्यात ताल सुटला.

"अरे परकाश, ताल खंय गेलो तुझो?" काका सवयीने ओरडले.

"काका, तुमचाच घुमट धावता!" प्रकाशही सवयीनेच बोलून गेला.

आरती थांबली. प्रकाशची नजर काकांच्या भुवईवरच्या पट्टीवर गेली. कांसाळं हातातच ठेवून तो दोन पावलं पुढे आला.

"दुखता?"

"पावसान जरा ठणकता," काका म्हणाले. "वाजय तू. पयल्यापासून घे."

मग जी आरती झाली, ती पाऊण तास संपली नाही. रमाकांत शेवटी प्रकाशच्या शेजारी उभा राहून टाळ्या पिटत होता. बायनी चाळीस माणसांना पुरतील इतक्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करून ठेवल्या होत्या. सगळ्या संपल्या.

माणसं पांगायला लागली तेव्हा बाय दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाय, जिंकलात."

"अरविंदा, एक खरा सांगू?" त्या म्हणाल्या. "समेट देवळाच्या मंडपात पण झालो असतो. ती जागा कोणाचीच नाय. घरी बोलावलंय ता माझ्यासाठी."

त्या आत समईपाशी आल्या.

"बाबा गेले आणि भावान गणपती पर्वरीक आपल्या फ्लॅटात नेलो. तेचाय बरोबर, तो बाबांचो झील. पण तेव्हापासून ह्या घरात आरती नाय झाली. अठरा वर्सां. चवथीक मी सगळ्यांच्या दारात जातंय, माझ्या दारात कोण येतलो? देवच नाय तर." त्यांनी पदराने समईखालचं तेल पुसलं. "ह्येका निर्मळ म्हणत नाय. ह्यो स्वार्थ."

मंडळाचा सभासद म्हणून जे सुचलं ते बोललो.

"पण बाय, मधल्या आरतीला ताल अजून सुटतो. गणपती आणखी तीन दिवस आहेत."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "सुटता मां?"

"चांगलाच सुटतो."

त्या अंगणात धावल्या. "रे परकाश! कांसाळां घराक नेव नको. हयच ठेय!"

प्रकाश कुंपणापासून मागे फिरला आणि काही न विचारता कांसाळं तसबिरीसमोर ठेवून गेला. काका पायरीवर चपला शोधत होते. त्यांनी खांद्यावरचं घुमट उतरवलं, आत आले, आणि तेही त्याच मेजावर ठेवलं.