पेंडसेकाका आणि अडणारी बंदूक

पेंडसेकाकांना 'चहा गार झाला' असं सांगायची सोय नाही. का गार झाला? बोलत बसलो म्हणून. का बोलत बसलात? असं ते पाच वेळा विचारतात आणि पाचव्या उत्तराला दोष हमखास माझ्याच पदरात पडतो. चिंचवडच्या कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटीत काढली ना, तिथली खोड. "लक्षण नको, कारण सांग," हे त्यांचं पालुपद. काकू गेल्यापासून ते वर्षातले सहा महिने न्यूझीलंडमधल्या टाकानिनीला लेकीकडे, म्हणजे आमच्या शेजारच्या घरात असतात.

लेक मुग्धा छत्तिशीची, आयटीत आहे, एकटी राहते. दर रविवारी फौजी कपडे चढवून रानात लुटुपुटूची लढाई खेळायला जाते. बंदूक गॅसवर चालणारी, आत प्लॅस्टिकचे छर्रे; पण दिसायला अशी खरी की पहिल्यांदा बघितली तेव्हा मी आमच्या कचऱ्याच्या डब्यामागे जाऊन बसलो होतो. काका या खेळाला बालिशपणा म्हणत आणि तोंड फिरवत.

यंदा मे महिन्यात, इथल्या थंडीच्या तोंडावर, ती बंदूक अडायला लागली. दोन छर्रे उडायचे, तिसऱ्याला नुसतं फुस्स. मॅगझिनमधली स्प्रिंग छर्रे वर ढकलते, गॅस त्यांना उडवतो, एवढं मला कळलं. त्यापुढचं आजतागायत कळलेलं नाही. टीममधले लोक कुरकुरू लागले, हिच्याऐवजी दुसरं कुणी घेऊ म्हणाले. मुग्धाला इथे ऑफिसबाहेर त्या टीमखेरीज गोतावळा नाही. तिने बंदूक काकांपुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, ही ढीगभर वेळा अडकलीये. या रविवारी शेवटचा चान्स आहे."

काकांनी गॅरेजात टेबल मांडलं आणि मला धरून नेलं. का अडते? छर्रा वर येत नाही. का येत नाही? आता मला काय ठाऊक! थंडीत गॅसचा जोर कमी होतो असं कुठेसं वाचून त्यांनी मॅगझिन स्वतःच्या कानटोपीत गुंडाळून पोटाशी धरलं. मग एकेक छर्रा व्हर्नियरने मोजला. मग तेलपाणी झालं. गंमत म्हणजे गॅरेजात बंदूक ठणठणीत चालत होती आणि आजवर दर रविवारी रानात मात्र फुस्स झालेली. हिला रविवार बाधत असेल, असं मी म्हटलं, तर काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी सगळं खापर स्प्रिंगवर फुटलं आणि त्यांनी नवी बसवली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रविवारी पुन्हा अडली. मुग्धाने दुपारी परत येऊन मॅगझिन टेबलावर ठेवलं आणि आत गेली. मग मीच चिमट्याने आत कोरलं. बाहेर आले तीन तांदूळ. मी चक्रावलो. इथल्या रानात तांदूळ कुठून? बरं, लाल कसे? उजेडात धरले, तर कुंकू लागलेलं. अक्षता!

काकांनी ते तीन दाणे माझ्या हातातून घेतले.

"दर रविवारी ती बूट घालत असते, तेवढ्यात तिच्या सामानावर टाकतो," ते म्हणाले. "सगळे तिच्यावर नेम धरणार, मला नाही रे बघवत. हिची आई असती तर दारात थांबवून डोक्यावर टाकल्या असत्या. एवढ्या मोठ्या मुलीच्या डोक्याला हात लावायचा मला संकोच वाटतो."

मुग्धा दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. मला तर कुठे बघावं तेच कळेना. मी उगाच छर्रे गोळा करू लागलो. तिने टीमला फोन करून कारण सापडल्याचं तेवढं सांगितलं, काय सापडलं ते नाही. कशीबशी आणखी एका रविवारची मुदत मिळाली.

त्या रविवारी सकाळी तिने बंदूक आधीच गाडीत बंद करून ठेवली. हेल्मेट काखेत घेतलं आणि काकांसमोर येऊन मान खाली घातली.

"टाका, बाबा."

काकांनी अक्षता टाकल्या आणि हात तिच्या डोक्यावर तसाच ठेवला. तिला उशीर होत होता, पण तिने मान वर केली नाही.