आप्पांचा आवाज

कमळापूरच्या जुन्या दरबार हॉलमध्ये गायलेले आवाज अजून तिथेच राहतात आणि रीतसर अर्ज केल्यास ऐकवले जातात. आमच्या इचलकरंजीच्या संगीत मंडळाने आठ महिने आधी अर्ज केला होता. बसमध्ये एकोणतीस जण, आणि पहाटेपासून एकही धड जागेवर बसेना. मालनकाकूंनी तर नवं इरकल नेसलं होतं.

त्यांना वडिलांचा आवाज ऐकायचा होता. आप्पा बत्तीस वर्षं या दरबारात गाणाऱ्या बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसले. बुवा दम घ्यायला थांबले की तेवढ्यापुरता सूर धरायचा, बुवा आले की सोडायचा. एकट्याने गायला त्यांना कुणी बसवलंच नाही.

"साथीदाराचा आवाज वेगळा मिळत नाही," खिडकीतले कारकून पाटुकले म्हणाले. "बुवांच्या मागे ऐकू येतील तेवढे. आणि दाद समेवरच द्या. आधी दिलीत तर आवाज रागावून आत जातो, वर्षभर येत नाही."

"आमच्यात सगळे जाणकार आहेत," मी म्हणालो. कोरेअण्णा सोडले तर ते खरं होतं. अण्णा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

बरोबर अकराला रिकाम्या बैठकीवरून बुवांचा आवाज उठला. मालनकाकू डोळे मिटून मागचा सूर शोधत होत्या, पण बुवा दम घ्यायला थांबेनातच. तान चढत गेली, सम अजून दोन मात्रा दूर होती तोच कोरेअण्णांनी मांडीवर थाप मारली. "वाः!"

बुवा गप्प झाले.

"झालं की हो वाटोळं," मालनकाकू हळूच म्हणाल्या. अण्णांना कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात मागून दुसरा आवाज निघाला, जरा कापरा. बुवा थांबले होते, म्हणून आप्पांनी सूर धरला होता. बुवा येईपर्यंत धरायचा हा शिरस्ता, आणि बुवा तर वर्षभर येणार नव्हते.

आप्पा आधी चाचरले, मग मोकळे झाले. सम आली. आमची कुणाचीच तोंड उघडायची हिंमत होईना. मालनकाकू नेमक्या समेवर म्हणाल्या, "वा, आप्पा."

आवाज क्षणभर अडखळला. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली.

एक वाजता पाटुकले हॉल बंद करायला आले आणि ऐकत उंबऱ्यावरच बसले. "बुवा परत येईपर्यंत यांना थांबवता येत नाही," ते म्हणाले. "तसा नियमच आहे."

मालनकाकूंनी माझ्याकडे ड्रायव्हरसाठी निरोप दिला. "मला पुढच्या वर्षी याच तारखेला न्यायला ये म्हणावं."